नेड्राची दक्षिणेची भिंत

नेड्राला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं आमच्या गावात म्हणतात. ते काही खरं नाही. कुणाला नातू झाला, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की पहिला केक नेड्राचाच दारात येतो. तिला बघवत नाही ते फक्त एकीचं, अर्विलाचं. आणि ते इतकं बघवत नाही की बाकीच्यांचा हेवा करायला तिच्याकडे ताकदच उरत नाही.

दोघी माझ्या भावजया. नेड्रा थोरल्या मर्लिनची बायको, अर्विला धाकट्या थेरॉनची. माझे दोन्ही भाऊ गेले, त्यांची घरं राहिली, शेजारी शेजारी, आणि घरांत एकेक बाई राहिली. मी रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर. मी लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढण्यात माझं आयुष्य गेलं, आणि उरलेला वेळ या दोघींचं ऐकून घेण्यात. नेड्रा सकाळी यायची, अर्विला दुपारी. नेड्रा अर्विलाबद्दल बोलायची, अर्विला नेड्राबद्दल. मग एकीचं दुसरीच्या कानावर घालणं आलंच. घरातल्या घरात लपवाछपवी कशाला?

माझ्या पुढच्या खिडकीतून त्या दोन घरांमधली मोकळी जागा सरळ दिसते. तिथे जर्दाळूचं झाड होतं. आमच्या आईने लावलेलं. वाटणी झाली तेव्हा ते नेड्राच्या हद्दीत गेलं, अर्विलाच्या कुंपणाला अगदी खेटून. नेड्राच्या घराची दक्षिणेची भिंत म्हणजे तिच्या स्वयंपाकघराची भिंत, आणि झाडाची सगळी सावली तिच्यावर. पलीकडे अर्विलाचंही स्वयंपाकघरच. खिडकीसमोर खिडकी, पण मध्ये झाड. पानं गळली की थंडी यायची आणि दोघी जाड पडदे ओढून घ्यायच्या. थोडक्यात, या घरातलं त्या घराला कधी दिसलं नाही. जे काही कळायचं ते माझ्याकडून.

तर हेव्याचं सांगते. अर्विलाचं सगळंच उजवं. आवाज गोड, कंबर बारीक, नवरा नाचायला नेणारा. मुलं पण भरपूर. नेड्राला एकच मुलगा, तोही अलास्कात मासे पकडत बसलेला. भांडी घासायचं यंत्र अर्विलाकडे पहिलं आलं. चर्चमध्ये गाणं अर्विलाचं. कुणी गेलं की त्या घरी आमच्याकडे चीज घातलेले भाजके बटाटे नेतात, तर लोक अर्विलाचे बटाटे आधी संपवायचे आणि नेड्राचं भांडं तसंच झाकून ठेवायचे. नेड्रा ते भांडं घरी नेताना बघायला हवं होतं तुम्ही.

पण दोन गोष्टी नेड्राच्या होत्या. एक म्हणजे जर्दाळूचा जॅम. ऑगस्टच्या जत्रेत निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, दरवर्षी नेड्राला, आणि लाल फीत अर्विलाला. अर्विला बिचारी बाजारातले जर्दाळू आणून करायची. नेड्राने तिला झाडाची एक टोपली कधी दिली नाही. फांद्या कुंपणावरून पलीकडे गेल्या की स्वतः शिडीवर चढून छाटायची, खाली पडलेलं फळही तिकडे राहू द्यायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे संकटाची तयारी. आमच्या चर्चच्या मंडळींमध्ये वाईट दिवसांसाठी साठवून ठेवणं हे प्रार्थनेइतकंच महत्त्वाचं. प्रत्येकाच्या तळघरात धान्य असतंच, पण नेड्राचं तळघर! गहू, घेवडा, दुधाची भुकटी, पाण्याची पिंपं, मेणबत्त्या, दळायला हातजातं. नोहा नाव बांधून झाल्यावर काही राहिलं असतं तर नेड्राकडेच मागायला आला असता. दर शरद ऋतूत बायकांच्या सभेत 'तयारी' या विषयावर नेड्रा बोलायची, आणि अर्विला पहिल्या रांगेत बसून जांभया द्यायची.

आणि मग तो कायदा आला.

म्हणजे कायदा मागच्याच वर्षी झाला होता, आमच्या राज्याचा. घरच्या माणसाने लहान सौर पॅनेल आणावेत, कुंपणाला किंवा भिंतीला टांगावेत, आणि भिंतीतल्या साध्या प्लगला जोडावेत. वीज कंपनीची परवानगी नको, कागद नको, छपरावर चढणारी माणसं नकोत. कायदा करणाऱ्यांनाही बहुतेक अर्विलाचा पुळका आला असावा, कारण तिच्या घराच्या दक्षिणेला नुसतं लुसर्न गवताचं शेत आहे. दिवसभर ऊन, मध्ये काही नाही.

मे महिन्यात तिचा जावई आयडाहोहून आला आणि त्याने त्या बाजूच्या कुंपणाला चार काळे पॅनेल टांगले. अर्विलाने मला हाक मारून बोलावलं.

"आयोन, इकडे ये, बघ गंमत," ती म्हणाली. "इस्त्री लावतो तसा प्लग लावायचा. झालं! आता माझं धुणं सूर्य धुतोय." आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यावर किती वीज झाली त्याचे आकडे उड्या मारत होते.

"नेड्राला दाखवलंस?" मी विचारलं.

"तिला कशाला? तिला उगाच त्रास."

मी तशीच कुंपणाला वळसा घालून नेड्राकडे गेले. नेड्रा वाटाणे सोलत होती. मी म्हटलं, अर्विलाच्या घरी सूर्य धुणं धुतोय. मी म्हटलं, ती म्हणाली तुला दाखवू नको, तुला त्रास होईल.

"मला? त्रास?" नेड्रा म्हणाली. "मला कसला त्रास? चार काळ्या काचा टांगल्यात कुंपणाला. चांगलं दिसतं का ते?"

"आकडे येतात फोनवर."

"येऊ देत. माझ्याकडे पिंपभर गहू आहे, त्याला आकडे लागत नाहीत."

पण ती वाटाणे टाकत होती सालांच्या भांड्यात आणि सालं वाटाण्यांच्या. बोलायची गरजच नव्हती.

खरा घाव बसला तो रविवारी. आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, आणि आम्ही तिघीही सिस्टर विंटर्टन. आमचा बिशप म्हणजे पगारी पाद्री नव्हे, साधा माणूस, बाकीचे सहा दिवस दवाखान्यात लोकांचे दात काढतो. तो व्यासपीठावरून म्हणाला, "तयारी कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर आपल्या सिस्टर विंटर्टनकडे बघा." नेड्राने स्कर्ट नीट केला, मान खाली घातली, चेहऱ्यावर तो विनयाचा भाव आणला जो तिला आणता येतो. अर्धी उठलीसुद्धा. तेवढ्यात बिशप म्हणाला, "त्यांच्या कुंपणावरचे पॅनेल तुम्ही पाहिलेच असतील. उद्या कॅन्यनच्या घळीतून वारा सुटला आणि वीज गेली, तर आपल्या मंडळींची औषधं त्यांच्या फ्रिजमध्ये सुरक्षित राहतील. तसं मी त्यांच्याशी बोललोय."

नेड्रा बसली. बाकाचा आवाज झाला. मी तिच्या शेजारीच होते. तिच्या मानेवर लाल चट्टे आले होते. पुढे गाणं सुरू झालं आणि अर्विलाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

त्या शरदातल्या सभेत 'तयारी'वर कोण बोलणार हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर नेड्रा माझ्याकडे सकाळी यायची ती दुपारपर्यंत उठायची नाही. एकच विषय. अर्विलाने पॅनेल पुसले. अर्विलाने शेजारणींना लिंबूपाणी दिलं आणि पॅनेल दाखवले. अर्विला आता सारखी सूर्याबद्दल बोलते, जसा काही तोही तिच्याच माहेरचा. "सगळं तिलाच कसं गं मिळतं, आयोन?" ती म्हणायची. "ऊन पण?"

"ऊन सगळ्यांना असतं," मी म्हणायचे.

"मला नाही. माझ्याकडे सावली आहे."

ऑगस्टमध्ये जत्रा झाली. नेड्राच्या जॅमला निळी फीत लागली. तिथे मी उभी होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं, टेबलापाशी येणारी प्रत्येक बाई विचारत होती, "तुम्हीच का त्या पॅनेलवाल्या सिस्टर विंटर्टन?" नेड्राने फीत पर्समध्ये कोंबली. लाल फितीवाली अर्विला मात्र पंख्याखाली बसून लोकांना फोनवरचे आकडे दाखवत होती. तिला जॅमची आठवणसुद्धा नव्हती. आणि नेड्राचं तेच तर दुखत होतं. हरवायला समोर माणूस तरी हवा ना!

जत्रेहून आल्यावर नेड्राने पॅनेल मागवले. अर्विलाचे होते तसलेच, तेवढेच. दक्षिणेच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, स्वतः ठोकून बसवले. प्लग लावला. फोन घेऊन माझ्या दारात आली, चेहरा असा की कुणी तोंडात मारलीय.

"हे बघ."

बघितलं. आकडा जवळजवळ काहीच नव्हता. एखादा दिवा मिणमिणला असता त्यावर.

"सावली," ती म्हणाली.

आम्ही दोघी परत जाऊन भिंतीपाशी उभ्या राहिलो. वर झाड डवरलेलं, खाली काळे पॅनेल आणि त्यांच्यावर पानांची हलती नक्षी. तेवढ्यात कुंपणापलीकडून अर्विला आली, हातात पाण्याची नळी, डोक्यावर हॅट.

"अय्या, नेड्रा, तूही घेतलेस? छान छान." आणि मग, अगदी गोड आवाजात, "पण तुझ्याकडे सावली काय सुरेख आहे गं. मला तर मेलं उन्हाने नकोसं होतं."

बस. त्या झाडावर कुऱ्हाड पडली ती तेव्हाच. नंतर आली ती नुसती माणसं आणि करवत.

मी नेड्राच्या हातापाया पडले म्हटलं तरी चालेल. म्हटलं, अगं आईने लावलेलं झाड. मर्लिन त्याच्याखाली चालायला शिकला. म्हटलं, तुझी निळी फीत त्या झाडाला लागते, ते गेलं तर तूही बाजारातले जर्दाळू आणणार का अर्विलासारखे? तिने खिडकीतून बाहेर बघितलं.

"निळी फीत कुणी बघितली या वर्षी?" ती म्हणाली.

"मी बघितली."

"तुला धरूनही कुणी नाही."

बघा हे! आयुष्यभर मी तिचं ऐकलं आणि मी कुणी नाही.

मी रागाने अर्विलाकडे गेले. सांगितलं, ती झाड तोडतेय, तुझ्या पॅनेलवर जळून, तू एक शब्द बोल, थांबेल. अर्विला भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. "आईंचं झाड?" ती म्हणाली. आणि मग मान ताठ करून, "तिचं झाड आहे, तिचा प्रश्न. मला त्याचं एक फळ कधी मिळालं नाही." पण मी निघताना तिने डोळे पुसले, भांडी पुसायच्या फडक्याने. हे मी नेड्राला सांगायला हवं होतं म्हणता? मी नाही सांगितलं. मी चिडले होते दोघींवर.

सप्टेंबरात ब्रदर हॉज करवत घेऊन आला. मी पडदा ओढून आत बसले, तरी आवाज यायचा तो आलाच. संध्याकाळी बघितलं तर दोन घरांमध्ये आकाश होतं. खाली बुंध्याचं पाट्याएवढं थोटूक. आणि नेड्राची दक्षिणेची भिंत, जिच्यावर मी जन्मात ऊन बघितलं नव्हतं, ती पिवळीधमक उजळली होती. रंगही किती उडालेला होता तिचा, तेव्हा कळलं.

मी वाट बघत बसले. आता नेड्रा येणार, फोन नाचवत, आकडे सांगत. सकाळी कॉफी आमच्या चर्चला चालत नाही, म्हणून मी तिच्या आवडीचा कोको करून ठेवला. नेड्रा आली नाही. दुपारी अर्विला येईल, झाडाबद्दल नाक मुरडेल, म्हणून थांबले. अर्विलाही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मग मीच गेले नेड्राकडे.

"काय गं, किती आकडे येतात?"

"येतात बरेच."

"अर्विलापेक्षा जास्त?"

"विचारलं नाही," ती म्हणाली, आणि खिडकीचा पडदा ओढला. भरदुपारी!

अर्विलाकडे गेले तर तीही अशीच, तुटक. "नेड्रा बरी आहे ना?" एवढंच विचारलं. "जेवते ना नीट?" मी म्हटलं, जेवते की, न जेवायला काय झालंय? अर्विलाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी चोरलंय. मला काही समजेना. माझं घर एकदम ओसाड झालं. मी कोको करायचे आणि तो गार व्हायचा.

मग ऑक्टोबरच्या शेवटी कॅन्यनमधून वारा सुटला. आमच्याकडे तो पूर्वेकडून येतो, आणि आला की ट्रक उलटवतो. सकाळी उठलो तर खांब आडवे, तारा रस्त्यावर, सगळ्या खोऱ्यात वीज नाही. दोन दिवस तरी येणार नाही, असं रेडिओवर सांगितलं. आकाश मात्र स्वच्छ, ऊन लखलखीत. बिशपने ठरवल्याप्रमाणे मंडळी अर्विलाच्या दाराशी जमली. कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या बाळाचं दूध, कुणी नुसतं आइस्क्रीमच आणलं होतं. माझ्याकडे फ्रीजरमधली टर्की होती, मीही उभी राहिले.

अर्विला हसतमुख, एप्रन लावून. "या, या," म्हणत तिने फ्रिजचं दार उघडलं. आत अंधार. तिने प्लग काढून पुन्हा लावला. दुसऱ्या भिंतीला लावला. बाहेर जाऊन पॅनेल पुसून आली. बिशपने स्वतः वाकून बघितलं, जसं एखाद्या दाढेत बघतो तसं. पॅनेलवर ऊन ओतत होतं आणि आत एक दिवा लागत नव्हता.

शेवटी जावयाला फोन लागला. अर्विलाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता, बिचारीला काय माहीत.

"अहो, वीज गेलीय ना?" तो म्हणाला. "मग ते बंदच पडणार. तारांत वीज असेल तरच ते चालतात. नाहीतर तार जोडायला आलेल्या माणसाला तुमच्या पॅनेलचा झटका नाही का बसणार? कायद्यातच आहे तसं. मी सांगितलं होतं की तुम्हाला."

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही घरात आलेली प्रत्येक वस्तू वाईट दिवसासाठीच आलीय असं धरून चालतो, आणि नेमकी ही वस्तू निघाली फक्त चांगल्या दिवसांची. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे नुसत्या शोभेला टांगलेत होय?" कुणीतरी हसलं. इन्सुलिनवाली बाई रडवेली झाली. अर्विला दारात उभी, हातात तो प्लग, आणि तिच्या मानेवर लाल चट्टे. नेड्राच्या मानेवर आले होते, अगदी तसेच.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, आता माझ्याकडे येतील. मी तशीच धावत, टर्कीसकट, नेड्राकडे गेले. "चल, चल लवकर! अर्विलाची फजिती बघ! सगळ्यांसमोर!" आयुष्यभर हिने ज्या दिवसाची वाट बघितली, तो मी तिला ताटात घालून देत होते.

नेड्राने एप्रन काढला, केस सारखे केले आणि निघाली. मी तिच्यामागे. गर्दीने वाट दिली. सगळ्यांना ठाऊक होतं नेड्रा आता काय बोलणार. अर्विलाने तर डोळेच मिटले.

"माझेही बंद आहेत," नेड्रा मोठ्याने म्हणाली. "सकाळीच बघितलं. आम्ही दोघी एकाच माळेच्या मूर्ख." मग ती इन्सुलिनवाल्या बाईकडे वळली. "माझ्या तळघरात दगडी कोनाडा आहे, उन्हाळ्यातसुद्धा लोणी घट्ट राहतं तिथे. औषधं आणि दूध सगळं तिकडे न्या. आइस्क्रीम इथेच खाऊन टाका. आणि अर्विला, तुझ्या फ्रीजरमध्ये हरणाचं मांस किती आहे?"

"भरलेला आहे," अर्विला म्हणाली. एप्रनच्या टोकाने डोळे पुसत होती.

"मग रडतेस काय? बर्फ सुटून नासायच्या आत शिजवून बाटल्यांत बंद करायला हवं. मी कुकर काढते."

दिवसभर दोघी त्या मोकळ्या जागेत सिलिंडरची शेगडी लावून मांस बाटल्यांत भरत होत्या. एक कापायची, एक झाकणं आवळायची. मीही गेले, न बोलावता. जर्दाळूच्या थोटकावर बसले. आणि तिथे माझ्यासमोर सगळं निघालं.

"मला वाटायचं तुझ्याकडे रोज पंगत असते," नेड्रा सुरी न थांबवता म्हणाली. "इतकी मुलं, नातवंडं. झाड गेलं त्या संध्याकाळी मी भांडी घासायला उभी राहिले, समोर बघते तर तू. मोरीपाशी उभ्या उभ्या, पातेल्यातून कॉर्नफ्लेक्स खात होतीस. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी पण तेच."

"मुलं मांस आणून टाकतात आणि जातात," अर्विला म्हणाली. "एवढं कोण खाणार आहे ते कुणी विचारत नाही. आणि मी तरी काय बघितलं? तुझ्याकडे रात्री उशिरापर्यंत दिवा असायचा, पानांतून दिसायचा. मला वाटायचं मंडळी बसलीत, पत्ते चाललेत. आता बघते तर टेबलाशी एकटी तू."

"तो दिवा मी मुद्दाम ठेवायचे. तुला दिसावा म्हणून."

"आणि मी रेडिओ मोठा लावायचे. तुला ऐकू जावा म्हणून."

दोघी हसल्या. हसता हसता अर्विला रडायला लागली आणि नेड्राने, जिने तिला एक फळ दिलं नव्हतं, मांसाने बरबटलेल्या हातांनी तिला जवळ घेतलं. मला पण डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही.

मग नेड्रा एकदम थांबली. "पण आयोन," ती म्हणाली, "तू तर सांगायचीस. रविवारी तिच्याकडे सगळी मुलं जेवायला होती, घर कसं दणाणत होतं."

"आणि मला सांगायचीस," अर्विला म्हणाली, "नेड्राकडे मंडळींची रीघ लागलेली असते, मला मुद्दाम बोलावत नाही."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. एकत्र. तशा त्या याआधी कधीच कशाकडे एकत्र बघत नव्हत्या.

"मी काय खोटं सांगितलं?" मी म्हटलं. "थोडं तिखटमीठ लागतंच सांगताना. नुसतं 'ती एकटी बसली होती' हे काय सांगायचं माणसाने?"

कुकरची वाफ सुटली, नेड्राने आच कमी केली, आणि दोघी पुन्हा कामाला लागल्या. माझी टर्कीसुद्धा भरून दिली त्यांनी. चांगल्या बाटल्या झाल्या.

तेव्हापासून त्या खिडकीतून बोलतात. इकडची तावदानं उघडी, तिकडची उघडी, मध्ये ऊन. मला माझ्या खिडकीतून दोघींचे हात हलताना दिसतात, पण शब्द येत नाहीत. संध्याकाळी एकीचं जेवण दुसरीकडे असतं. पॅनेलचे आकडे पण दोघी मिळून बघतात, आणि कुणाचे जास्त यावरून भांडतात, तेही मला न सांगता. माझ्याकडे नमस्कार-चमत्कारापुरत्या येतात. मला पोटात दुखतं का? दुखतं. चांगलं मुरडून दुखतं. सगळं आयुष्य मी त्या दोघींच्या मध्ये काढलं आणि आता मध्ये म्हणून जागाच नाही.

या वसंतात मी रोपवाटिकेतून जर्दाळूचं एक रोप आणलं. सुरेख, सरळ, मुळाला भरपूर माती. बिशपने रविवारी माझं नाव घेतलं, म्हणाला, बघा, सिस्टर आयोनने आईची आठवण कशी जपली. मी रोप घेऊन गेले आणि म्हटलं, जुन्याच जागी लावू. दोन खिडक्यांच्या बरोब्बर मध्ये. आईला बरं वाटेल.

नेड्राने अर्विलाकडे बघितलं. अर्विलाने नेड्राकडे.

"तिथे नको," नेड्रा म्हणाली. "पॅनेलवर सावली येईल."

"आम्ही जागा बघून ठेवलीय," अर्विला म्हणाली. मी रोप मध्येच लावायला सांगणार हे यांना कसं कळलं, देव जाणे.

त्यांनी खड्डा खणला तो रस्त्याच्या कडेला, पुढच्या कुंपणाशी. मोकळ्या जागेच्या तोंडावर. थेट माझ्या खिडकीसमोर. नेड्राने माती दाबली, अर्विलाने काठी बांधली.

"जर्दाळू पटकन वाढतो, आयोन," अर्विला गोड आवाजात म्हणाली. "तुझ्या खिडकीतून काय सुरेख हिरवंगार दिसेल!"

"सावली पण होईल तुला," नेड्रा म्हणाली. दोघी खूप हसल्या.

रोपाने जीव धरलाय. दोन फांद्या फुटल्यात. पाणी मीच घालते, रोज संध्याकाळी, रस्ता ओलांडून. दोघी खिडकीत असतात त्या वेळेला, आणि कुंपणापाशी उभं राहिलं की थोडं थोडं ऐकू येतं.